पहिल्या सेटला ‘नाही’

सान हेर्वासियो, सोमवार, ४ मार्च

प्रिय काडीपैलवान,

दोन्ही रॅकेट सोबत पाठवतोय. सातच्या बसचा ड्रायव्हर आपला नेहमीचाच आहे. पिशवी खालच्या कप्प्यात टाकू नको, पायाशी ठेव, असं त्याला बजावलंय. रेसिस्तेन्सियाच्या स्टँडवर पार्सलच्या खिडकीत ओळखपत्र दाखवून घे. आईने मेंब्रिल्यो फळाची गोड वडी दिलीय. तारांना चिकटू नये म्हणून वेगळी बांधलीय, पण तुझ्या आईचं पुडकं बांधणं तुला माहीतच आहे.

आता भांडण. तू चिठ्ठीवर तारांच्या ताणासाठी ‘२१ किलो’ लिहिलंयस. मी चष्मा तीनदा पुसला. तुझ्या चौदाव्या वर्षापासून तुझ्या रॅकेटचं गटिंग, तारा ओढायचं काम, मी करतोय, त्यात चोवीसच्या खाली तू कधी उतरली नाहीस. एकवीसवर आपल्या क्लबातले म्हातारे खेळतात, तेही खांदा धरून. इतक्या सैल तारांवरून चेंडू सुटला की थेट मागच्या कुंपणावर जातो. हाताला सवय व्हायलाच एक सेट जाईल. मनगट दुखतंय का? दुखत असेल तर मला सांग, आईला नको.

क्लबात सगळं ठीक. कॅन्टीनवाल्या एल्बिओने त्याचा टॅब्लेट आता काउंटरवर मांडलाय आणि चार टाळकी दिवसभर त्याला चिकटलेली असतात. तो अंदाजबाजार. ‘नादिना पहिला सेट घेईल का?’ एवढाच प्रश्न, आणि ‘हो’ला भाव एकसष्ट. म्हणजे शंभरातल्या एकसष्ट लोकांना वाटतं की घेईल, असं एल्बिओ सांगतो. पूर्ण सामना कोण जिंकेल यापेक्षा पहिल्या सेटवरच लोकांचा जीव अडकलेला, कारण तासाभरात निकाल लागतो. आपल्या घरची पोर जगभरच्या अनोळखी लोकांच्या तोंडी, याचा मला अभिमान वाटावा की राग यावा, तेच कळत नाही.

फोन असताना पत्रं कसली लिहिता, असं एल्बिओ विचारतो. मी त्याला म्हटलं, पोरगी पहिल्यांदा एकटी बाहेर गेली तेव्हा मी पिशवीत चिठ्ठी घातली आणि ती स्पर्धा जिंकून आली. आता हे मोडायची कुणाची छाती आहे?

तुझा,
ओविदिओकाका


रेसिस्तेन्सिया, गुरुवार, ७ मार्च

प्रिय काका,

वडी तारांना लागली नाही, पत्राला लागली. तुझं अर्धं भांडण मी चाटून वाचलं.

मनगटाला काही झालेलं नाही. जरा वेगळं खेळून बघतेय, एवढंच. सैल तारांनी चेंडू जोरात जातो आणि मला जोर हवाय. तू गटिंग कर, डॉक्टरकी करू नकोस.

पहिला सामना झाला. दोन-सहा हरले, मग सहा-तीन, सहा-चार. म्हणजे जिंकले. पण काका, त्याआधी एक विचित्र झालं. ब्रिसेइदाने (दुहेरीतली माझी जोडीदार, एन्कार्नासिओन गावची, आम्ही एकाच खोलीत राहतो) मला तो तुझा बाजार फोनवर दाखवला. सकाळी माझा भाव एकसष्ट होता. सामन्याच्या अर्धा तास आधी तो घसरायला लागला आणि मी कोर्टवर पाऊल ठेवलं तेव्हा अडतीस होता. मी तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत बुटाची नाडी बांधत होते. मला कुणी पाहिलं नव्हतं, मी एक चेंडूही मारला नव्हता. मग त्यांना काय कळलं?

आणि पहिला सेट मी खरंच हरले.

नंतर फोनवर शिव्यांचा पाऊस. ज्यांनी ‘हो’ घेतलं होतं ते सगळे मला ओळखत असल्यासारखे. एकाने लिहिलं, तुझी आई कुठल्या रस्त्याने बाजारात जाते ते मला माहीत आहे. खोटंच असणार. तरी आईला सांग, काही दिवस मागच्या गल्लीने जा. कारण सांगू नकोस.

तुझी,
नादिना


सान हेर्वासियो, सोमवार, ११ मार्च

काडे,

आई मागच्या गल्लीने जाते. मी तिला सांगितलं की पुढच्या रस्त्यावर गटार खणलंय. तिने जाऊन बघितलं आणि खणलेलं नव्हतं. आता मी खोटारडा ठरलोय, पण जाते मागच्याच गल्लीने.

तू लिहिलंस त्यावर मी खूप विचार केला. ज्याला आतली बातमी आहे तोच असा भाव पाडू शकतो. तुझं मनगट दुखतंय (हो, दुखतंय, मला शिकवू नकोस, तुझ्या तुटलेल्या तारा माझ्याकडे येतात आणि त्या आता रॅकेटच्या मधोमध नाही, कडेला तुटतात. म्हणजे तू चेंडू उशिरा मारतेयस, मनगट मागे नेताना घाबरतेयस), तर हे कुणाला माहीत आहे? तुला. मला. आणि त्या खोलीतल्या पोरीला. ती चांगली असेल, मी काही म्हणत नाही. पण सामन्याआधीच्या अर्ध्या तासात तिच्या हातात फोन असतो की नाही, ते बघ.

मला हे लिहायला आवडत नाही. पण तुझा बाप असता तर त्याने हेच लिहिलं असतं, आणि त्याने माझ्याहून कडक लिहिलं असतं.

बाकी मी माझ्या परीने तुझ्यासाठी जे करायचं ते करतोच. काय ते विचारू नकोस. तोडगा सांगितला की उतरतो, हे तुला ठाऊक आहे.

दोन्ही रॅकेट एकवीसवर. माझं मन मात्र चोवीसवरच आहे.

काका


कोरिएन्तेस, शनिवार, १६ मार्च

प्रिय काका,

तुझं ऐकलं. बुधवारी सामन्याआधी ब्रिसेइदा फोनवर काहीतरी लिहीत होती. मी विचारलं, कुणाशी बोलतेस? ती म्हणाली, आईशी. मी म्हटलं, दाखव. मग तिने फोन माझ्या मांडीवर फेकला, आणि खरंच तिची आईच होती. तिच्या भावाचं बाळ आजारी आहे, त्याचं चाललं होतं. त्या रात्रीच तिने दुसऱ्या मुलींच्या खोलीत बिछाना हलवला. दुहेरीत आम्ही एकमेकींशी एक शब्द न बोलता हरलो.

आणि भाव तरीही पडला. अठ्ठावन्नवरून पस्तीस, बरोबर त्याच अर्ध्या तासात. पहिला सेट एक-सहा गेला. पुढचे दोन मी घेतले, पण ते कुणी बघत नाही. कोर्टवर उतरते तेव्हाच वाटतं, यांना काहीतरी माहीत आहे आणि ते मला माहीत नाही. पहिला चेंडू उडवते तो वाकडाच जातो. मग तो भावच खरा होतो. असं कसं होतं काका? लोक म्हणतात की मी हरणार, म्हणून मी हरते, की मी हरणार म्हणून लोक म्हणतात?

इथे एक माणूस भेटला होता. त्याच्याबद्दल नंतर कधी लिहीन.

स्पर्धेच्या कचेरीतून निरोप आलाय. खेळातल्या गैरप्रकारांची चौकशी करणारी एक बाई पोसादासला मला भेटणार आहे. येताना फोन जमा करायचा आहे. म्हणून पत्रच लिही. आणि जपून लिही.

नादिना


सान हेर्वासियो, मंगळवार, १९ मार्च

नादिना,

कोण माणूस?

तू लिहिलंस तसं मी जपून लिहू शकत नाही, मला येत नाही. सरळ विचारतो. कोर्टवरच्या त्या एका कॅमेऱ्यातून मी एल्बिओच्या काउंटरपाशी उभा राहून पूर्ण सामना पाहिला. एक-तीन असताना समोरचीने आखूड चेंडू टाकला. तुझ्यापासून चार पावलं. असे चेंडू तू बारा वर्षांची असताना गाठायचीस, गुडघे फोडून घ्यायचीस, आणि आई माझ्या नावाने बोटं मोडायची. बुधवारी तू दोन पावलं टाकलीस आणि थांबलीस.

एल्बिओ म्हणाला, “अरे, ही गेलीच नाही!” आणि कुणी हसलं. मी ग्लास काउंटरवर आपटला आणि बाहेर पडलो.

त्या माणसाने तुला काय सांगितलं? पहिला सेट सोड, सामना जिंक, कुणाला कळणार नाही, असंच ना? या गोष्टी आमच्या वेळीही होत्या, बाजार नव्हता एवढंच. पोरी, तुझे हाल मला माहीत आहेत. बसमध्ये झोपतेस, एका खोलीत दोघी-दोघी राहता, मनगट दुखतं तरी डॉक्टरकडे जात नाहीस. चूक झाली असेल तर झाली. काहीही असलं तरी मी तुझाच आहे. फक्त मला खरं सांग. खरं सांगितलंस की पुढचं मी बघतो.

काका


पोसादास, शनिवार, २३ मार्च

काका,

म्हणजे तूही.

चार वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. आता जे येईल ते येईल.

माणूस लॉण्ड्रीत भेटला. माझे कपडे फिरत होते आणि तो शेजारी बसून चीजचे चिपा-पाव खात होता. एक मलाही देऊ केला. म्हणाला, तुझं मनगट बरं नाही असं ऐकतो. मग तू म्हणतोस तेच म्हणाला, शब्दाला शब्द. पहिला सेट फक्त. सामना तुझाच. मी हो म्हटलं नाही. पण मी नाहीही म्हटलं नाही, काका. मशीन थांबायची वाट बघत बसले आणि ओले कपडे घेऊन पळाले. नियम असा आहे की असं कुणी काही बोललं तर लगेच कळवायचं. कळवलं नाही तर तोच गुन्हा. मी कळवलं नाही. घाबरले. त्याला माझं मनगट माहीत होतं, मग अजून काय काय माहीत असेल, आई कुठल्या गल्लीने जाते तेही?

आणि तो चेंडू. तो दिवस-रात्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. मनगटात कळ आली म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगते. कळ आली होती, हे खरं. पण थांबले तेव्हा लॉण्ड्रीतल्या त्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला होता, हेही खरं. आधी काय आलं, कळ की तो चेहरा, ते मला खरोखर आठवत नाही. मी एक पैसा घेतलेला नाही. तरी कुणी विचारलं की तू तो सेट सोडलास का, तर छातीवर हात ठेवून मला ‘नाही’ म्हणता येत नाही. आता तुला कळलं. पुढचं तू कसा बघणार ते बघ.

चौकशीवाली बाई काल भेटली. पन्नाशीची, शांत, कागद सरळ रांगेत लावणारी. तिने त्या माणसाबद्दल विचारलंच नाही, तिला तो माहीतच नाही. तिने एक यादी पुढे ठेवली. अंदाजबाजारात एक खातं आहे. गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक सामन्याला, अर्धा तास आधी, ते खातं माझ्या पहिल्या सेटवर ‘नाही’ घेतं. पहिला एक सोडला तर त्रेपन्न सामने, त्रेपन्न ‘नाही’. खात्याचं नाव काय आहे माहीत आहे? ‘ओविदिओ गटिंगवाला, सान हेर्वासियो’.

मी हसले, काका. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हटलं, बाई, माझ्या काकाला टॅब्लेट सुलटा धरता येत नाही. आणि येत असता तरी, जगातली सगळी माणसं माझ्याविरुद्ध गेली तर एकटा तो माझ्या बाजूला उभा राहील. कुणीतरी त्याचं नाव चोरलंय. तिने ते लिहून घेतलं.

तू आजच्या आज पोलिसात तक्रार दे आणि तिची प्रत पाठव. ती मिळाली की मी सुटेन असं वाटतं.

मी तुझ्यावर रागावलेय. पण हे तेवढं लगेच कर.

नादिना


सान हेर्वासियो, सोमवार, २५ मार्च

बाळे,

तक्रार देता येत नाही. ते खातं माझंच आहे.

हे वाक्य लिहून मी उठलो, क्लबाला दोन चकरा मारल्या, माते-चहासाठी पाणी गरम केलं आणि न पिताच परत आलो. आता सगळं लिहितो. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

दोन वर्षांपूर्वी एल्बिओने टॅब्लेट आणला. खातं उघडताना त्याने विचारलं, नाव काय घालू? मी म्हटलं, ओविदिओ गटिंगवाला, सान हेर्वासियोचा, आणखी काय! ऐटीत सांगितलं. पहिल्याच दिवशी मी तुझ्यावर ‘हो’ घेतलं, आणि तू पहिला सेट शून्य-सहा हरलीस. मी हादरलो. पुढच्या सामन्याला, वाईट वाटत असतानाही, ‘नाही’ घेतलं. सगळ्यात लहान रक्कम, एका कॉफीची. तू सेट जिंकलीस. पुन्हा ‘नाही’, पुन्हा जिंकलीस. मग कसं सोडणार? तूच सांग, आपल्यापैकी कोण सोडेल? एल्बिओ अंतिम सामन्याला अकरा वर्षं तेच मोजे घालतो.

तू तान्ही होतीस तेव्हा तुझ्या आईने तुझ्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधली होती, दृष्ट लागू नये म्हणून. मला वाटायचं, माझी ती कॉफीची पैज म्हणजे तीच फीत. मी तुझ्याविरुद्ध लावायचो ते हरण्यासाठी. पैज हरलो की आनंदाने घरी यायचो. लावली की टॅब्लेट पालथा घालायचो, भाव बघायचोच नाही, बघितलं की तोडगा उतरतो. नातेवाइकांनी लावायचं नसतं, हे कुठेतरी वाचलं होतं. मला वाटलं, तो नियम जिंकायला लावणाऱ्यांसाठी असेल.

काल मी पहिल्यांदा तो टॅब्लेट उलटा न करता एल्बिओला म्हटलं, मला मागचं सगळं दाखव. त्याने दाखवलं. आपल्या या छोट्या स्पर्धांत लावणारे मोजकेच, काडे. तिथे माझ्या कॉफीनेसुद्धा भाव दोन घरं सरकतो. आणि खाली लोक लिहितात ना, तिथे एकाने कधीच लिहून ठेवलंय, “तिचा गटिंगवाला विरुद्ध लावतोय. त्याला तिच्या तारा माहीत आहेत. त्याच्या मागे चला.” आणि लोक चालत होते. दोन वर्षं माझ्या मागे माणसं चालत होती आणि मी मागे वळून बघितलं नाही. पूर्वी तू जिंकायचीस म्हणून ती थोडी होती. तू एकवीसवर आलीस, सेट हरायला लागलीस आणि गर्दी झाली. भरीस भर म्हणून तुझी रॅकेट मी दुकानात खुंटीला टांगायचो, वर किलोची चिठ्ठी, सगळ्यांची टांगतो तशी. क्लबात येणारा-जाणारा ती वाचत होता. लॉण्ड्रीतल्या माणसाला तुझं मनगट तिथून कळलं असणार. ब्रिसेइदाकडून नाही.

तुला विचारत होतो, भाव कुणी पाडला. मीच पाडला. तुला लिहिलं, खरं सांग. आणि तू, खरं सांगून झाल्यावर, त्या बाईसमोर माझ्यासाठी हसलीस. ते वाचून मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि रडलो.

चौकशीवाल्या बाईंना आज पत्र टाकलंय. सगळं कबूल केलंय. तुला काही माहीत नव्हतं, हे तीनदा लिहिलंय. ब्रिसेइदाची माफी माग, माझ्यातर्फेही माग. रॅकेट तिथल्याच कुणाकडून करून घे. मी आता तुझ्या रॅकेटला हात लावायला लायक नाही.

तू उत्तर लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

ओविदिओ


सान हेर्वासियो, सोमवार, ८ एप्रिल

प्रिय नादिना,

समजून घेईन म्हटलं होतं, पण जमत नाही. तुझं पत्र आलं का बघायला दोन आठवडे सातच्या बसला जातोय. ड्रायव्हर मला लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगतो. ईस्टर गेला. आईने तुझ्या वाटणीची गोड पावाची रोस्का फडक्यात गुंडाळून ठेवली होती, ती काल पक्ष्यांना घातली. तिला सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण मागच्या गल्लीने जाते.

चौकशीवाल्या बाई शुक्रवारी इथे आल्या. एल्बिओने त्यांना मांसाचा तळलेला मिलानेसा खायला घातला, त्यांनी पैसे देऊनच खाल्ला. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “पण विरुद्धच का?” मी लाल फितीचं सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, हे अहवालात कसं लिहायचं ते मला कळत नाही. पण त्यांनी लिहिलं.

निकाल असा. मी यापुढे कुठल्याही स्पर्धेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही आणि कुठल्याही खेळाडूच्या रॅकेटला हात लावायचा नाही. क्लबातल्या म्हाताऱ्यांचं गटिंग करू शकतो. खातं बंद. तुझ्याबद्दल म्हणाल्या, दुसरं काही निघालं नाही तर तिचं प्रकरण मिटेल.

दुसरं काही निघालं नाही तर. लॉण्ड्रीबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. ते तुझं आहे, माझ्या तोंडून निघता कामा नये. तू गप्प राहिलीस तर सुटतेस. मी तुला गप्प राहा असंही सांगत नाही आणि बोल असंही सांगत नाही. सल्ला द्यायचा माझा हक्क गेला. फक्त भीती वाटते, तेवढी लिहून ठेवतो.

उद्या तुझा सामना आहे ना? मी क्लबात जाणार नाही. इतकी वर्षं त्या वेळी हाताला काम होतं, आता या हातांचं काय करायचं ते कळत नाही.

तुझा,
काका


एन्कार्नासिओन, शुक्रवार, २६ एप्रिल

प्रिय काका,

हे पत्र ब्रिसेइदाच्या घरून लिहितेय. माफी मागितली, तुझ्यातर्फेही. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण जेवायला वाढते आणि पुन्हा वाढते. तिच्या भावाचं बाळ बरं आहे. तिची आई तुला सांगायला सांगते की तू महामूर्ख आहेस.

तुझं पंचवीस तारखेचं पत्र वाचून मी ते पिशवीच्या तळाशी घातलं आणि आठवडाभर त्या पिशवीला हात लावला नाही. राग काय सांगू. पैजेचा नव्हता. पैज मला कळली, लगेच कळली, मीसुद्धा डावा बूट आधी घालते. राग याचा होता की तू मला खरं सांग म्हणालास तेव्हा तुला माझ्यावर विश्वास नव्हता, आणि मी तुझ्यावर ठेवला तेव्हा मी चुकले होते. आपण दोघांनी एकदाही बरोबर ओळखलं नाही.

नऊ तारखेला पोसादासच्या गटिंगवाल्याकडे गेले. त्याने यंत्र चालू केलं आणि विचारलं, किती किलो? मी म्हटलं, एकवीस. तो म्हणाला, इतकं सैल? आणि मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने, चार लोकांसमोर बोलले, “माझं मनगट दुखतं.” त्याने तारा ओढल्या. तुझ्याइतक्या चांगल्या नाही, गाठ लांब ठेवतो. पहिला सेट सहा-चार घेतला मी. भाव किती होता ते मला माहीत नाही आणि कधी कळूही नये.

सामना संपल्यावर घाम पुसत बसले होते. सुटले होते मी. तुझ्या कबुलीमुळे सुटले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला मला येतं, हे लॉण्ड्रीत कळलंच होतं. पण तू त्या बाईंसमोर, एल्बिओसमोर, सगळ्या क्लबासमोर स्वतःला मूर्ख ठरवून घेतलंस, आणि त्या मूर्खपणाच्या आड मी लपून राहायचं? अकरा तारखेला बाईंना फोन केला. माणसाचं सांगितलं, चिपाचं सांगितलं, त्या चेंडूचंही सांगितलं. कळ आधी की चेहरा आधी ते माहीत नाही, हेही. त्या म्हणाल्या, हे सांगायची तुम्हाला गरज नव्हती. मी म्हटलं, मला आहे.

चार महिने बंदी. उशिरा कळवलं म्हणून. सही करून दिली. त्या माणसाला ते शोधताहेत, माझ्याआधी त्याने आणखी दोघींना गाठलं होतं. सही केल्यावर मला झोप लागली, काका. दहा तास झोपले. ब्रिसेइदाची आई दोनदा श्वास चालू आहे का ते बघून गेली.

डॉक्टरला मनगट दाखवलं. तोही म्हणतो चार महिने. दोन्ही निकाल सारखेच निघाले, हे एक बरं झालं.

आता काम. आणखी एक गोष्ट मी बाईंना विचारली. चार महिने मी खेळाडू नाही, मग काकाने माझ्या रॅकेटला हात लावला तर चालेल का? त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणाल्या, असं कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा यंत्र पुसून ठेव.

मंगळवारच्या बसने येतेय. सकाळी नऊला पोहोचेन. ड्रायव्हर आपलाच आहे, पायाशी जागा ठेवतो म्हणाला, पण मी सीटवरच बसणार आहे. आईला पुढच्या रस्त्याने स्टँडवर घेऊन ये.

आणि मी पोहोचते की नाही यावर कुणाशी पैज लावू नकोस. पण हातांना राहवलंच नाही, तर एल्बिओशी कॉफीची लाव. नेहमीसारखी, माझ्याविरुद्ध.

तुझी,
काडी